आंब्याच्या उजव्या हाताचं शेत

कमळाकरची वाट बघायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. बाकी जे झालं ते आपोआप होत गेलं. त्यात माझा वाटा फक्त ट्रॅक्टर चालवण्यापुरता होता.

कमळाकर हा खांब गावचा गॅरेजवाला. छोटे ट्रॅक्टर भाड्याने देतो. त्या रविवारी सकाळी त्याने कासूजवळ हायवेवरून आत वळणाऱ्या कच्च्या रस्त्यावर टेम्पो थांबवला, फळ्या लावून एक लालभडक ट्रॅक्टर खाली उतरवला, त्याच्या शेजारी दोन फाळांचा नांगर ठेवला आणि हात झटकत म्हणाला, "सर, मला धरमतरला एक पंप पोचवायचाय. दुपारी येतो, नांगर जोडतो, सेट करून देतो. तवर हात लावू नका."

"हात लावू नका" हे वाक्य ज्याला शांतपणे ऐकता येतं, असा माणूस मी नाही. मी पेणच्या एका कॉलेजात पर्यावरण हा विषय शिकवतो. (हा विषय सगळ्यांना सक्तीचा आहे, म्हणजे तो कोणीच ऐकत नाही.) आपली पिढी मातीपासून तुटली, हातात माती लागल्याशिवाय माणूस पुरा होत नाही, असं मी दर वर्षी तळमळून सांगतो. यंदा मागच्या बाकावरून एका मुलीने अगदी साधेपणाने विचारलं, "सर, तुम्ही काय पिकवता?"

मी हादरलो. इतका, की तास संपायच्या आत वर्ग सोडला आणि थेट घरी येऊन बायकोला सांगितलं, की पेणचा फ्लॅट सोडायचा, कासूला राहायला जायचं आणि बाबांची जमीन आपण कसायची.

बायकोचं नाव ईरा. ती रोह्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे. पुराव्याशिवाय ती कशावरच सही करत नाही, आमच्या लग्नाच्या वेळीही तिने बराच वेळ घेतला होता. ती म्हणाली, "कासू मला रोह्याला जवळच पडेल. पण आधी ते एक शेत स्वतः नांगरून, वाल पेरून दाखव. दाखवलंस तर मी सामान बांधते."

"आणि नाही जमलं तर?"

"तर हा विषय आपल्या घरात परत निघणार नाही. जेवताना तर नाहीच."

म्हणजे माझं सगळं आयुष्यच त्या नांगराला टांगलेलं होतं. आणि तो नांगर जोडायला कमळाकर दुपारी येणार होता.

"वाट बघू की," ईरा म्हणाली. तिने डबा आणला होता, पुस्तक आणलं होतं, टोपी आणली होती. ती वाट बघायच्या तयारीनेच आली होती.

"शेतकरी दुपारची वाट बघत नसतो," मी म्हणालो. (हे मला कोणी सांगितलं होतं, कोण जाणे.)

आता शेत. बाबा, म्हणजे विष्णु मास्तर, पेणच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झाले. त्यांना शेतावर जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण खुणा तोंडपाठ होत्या. "दोन शेतांच्या मधल्या बांधावर एक आंबा आहे. आंब्याच्या उजव्या हाताचं आपलं. गावातला जनू अधूनमधून लक्ष ठेवतो." गणिताच्या मास्तरांनी दिलेलं उत्तर, ते मी कशाला तपासू? शिवाय आपलीच जमीन कुठली हे गावात विचारत फिरायचं, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

आंबा होता. बांध होता. उजव्या हाताला एक नीटनेटकं शेत होतं, भात नुकतंच कापलेलं, धसकटं रांगेने उभी. डाव्या हाताला मात्र बघवत नव्हतं. कमरेएवढं गवत, वाळलेला टाकळा, मधे एक फुटका प्लास्टिकचा ड्रम.

"जनूने आपल्यात न विचारताच भात लावलेलं दिसतंय," मी म्हणालो. "असू दे. मी माफ केलं त्याला. निदान जमीन जिवंत ठेवली. पण हे बघ, हे शेजारचं. ही माणसं शहरात एसीत बसतात आणि इथे जमिनीची ही दशा. असल्या माणसांना जमीन ठेवायचा हक्कच असता कामा नये. यांची नावं चव्हाट्यावर लावली पाहिजेत."

ईराला ते पटलं. "फारच वाईट आहे हे," ती म्हणाली.

त्या निष्काळजी माणसाच्या शेतात आधी नांगर सेट करून बघायचा, आणि नीट जमला की मग आपल्या शेतात न्यायचा, असं मी ठरवलं. त्याचं नाहीतरी काय बिघडणार होतं.

नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी अडकतो. खाली दोन दांडे, डावा आणि उजवा, आणि वर मधोमध एक, ज्याला टॉप लिंक म्हणतात. ट्रॅक्टरच्या सीटखाली सापडलेल्या पुस्तिकेत चित्र होतं. चित्रातला माणूस ट्रॅक्टर मागे घेतो, हसतो, खिळ्या घालतो. मी ट्रॅक्टर मागे घेतला. नांगर जागेवरच होता, पण ट्रॅक्टर दर वेळी त्याच्या कुठल्यातरी एका बाजूला जाऊन पोचायचा. एकदा तर नांगराला वळसा घालून मी पलीकडे निघालो. ईराने पुस्तक मिटलं.

"मी सांगते तसा ये," ती म्हणाली. तिने सांगितलं तसा आलो आणि नांगर अडकला. (हे मी त्या वेळी मान्य केलं नव्हतं.)

पहिल्या फेरीत टॉप लिंक मी फारच आखूड ठेवली होती. तेव्हा मला माहीत नव्हतं, की ती आखूड झाली की नांगराचं तोंड खाली जातं. लिव्हर दाबला, फाळ जमिनीत शिरले, ते शिरतच गेले, आणि मग माझ्यासमोरचं दृश्य बदललं. आधी मला आंबा दिसत होता, आता फक्त आकाश दिसायला लागलं. ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली गेली होती. मी क्लच दाबला, ट्रॅक्टर धप्पकन खाली बसला, आणि मी बराच वेळ स्टिअरिंगला मिठी मारून होतो.

"बरा आहेस?" ईरा धावत आली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"नांगर फार उत्साही आहे," मी म्हणालो.

मग टॉप लिंक लांब केली. आता फाळ जमिनीला नुसते गुदगुल्या करत चालले. परत आखूड केली, थोडीच. आता खोली जमली, पण नांगर तिरका चालायला लागला, एक फाळ आत आणि एक वर. त्यासाठी उजव्या दांड्यावर एक हँडल असतं, ते फिरवून नांगर सपाट करायचा. मी सीटवर मागे वळून बसलो आणि ईरा खाली उभी राहिली.

"उजवीकडचं फिरव," मी ओरडलो.

"फिरवतेय."

"अगं ते नाही. उजवीकडचं."

"हे उजवीकडचंच आहे."

"माझा उजवा हात हा आहे," मी हात हलवून दाखवला.

"तू उलटा बसलायस, सुश्रुत."

"उलटा नाही, मी नांगराकडे बघतोय. काम कुठे चाललंय? नांगरात. मग नांगराकडे बघूनच ठरवायला हवं ना?"

ईराने पुस्तिका उघडली आणि लॅबमध्ये वाचतात तशा कोरड्या आवाजात वाचून दाखवलं, की डावी आणि उजवी बाजू नेहमी चालकाने पुढे तोंड करून बसल्यावर धरावी. मग पुस्तिका मिटून ती माझ्याकडे बघत राहिली. मी पुढे तोंड केलं.

पण शिक्षकाला शिकवल्याशिवाय राहवत नाही. हँडल फिरून नांगर सपाट झाल्यावर मी तिला समजावून सांगितलं, "यातून एक मोठी गोष्ट कळते बघ. उजवं-डावं हे आपलं आपल्याला वाटतं तसं नसतं. माणूस कुठून बघतोय ते आधी विचारायला हवं."

"हे मीच तुला आत्ता सांगितलं," ईरा म्हणाली.

"हो, पण मी ते व्यापक अर्थाने म्हणतोय."

मग बाजूच्या साखळ्या सैल निघाल्या, त्यामुळे नांगर बैलाच्या शेपटीसारखा हलायचा. त्या आवळल्या. मग एका बाजूला जास्त आवळल्या गेल्या. हे सगळं होईपर्यंत त्या डाव्या हाताच्या शेतात अशी काही उलथापालथ झाली होती, की बघणाऱ्याला तिथे रणगाड्यांची चाचणी झाली असं वाटलं असतं. कुठे खड्डा, कुठे उंचवटा, एक तास, म्हणजे नांगराची रेघ, तर गोल फिरून स्वतःलाच येऊन मिळाला होता. फुटका ड्रम आणखी फुटला होता.

"मालक आला तर?" ईराने विचारलं.

"तो कसला येतोय," मी म्हणालो.

आणि मग मी आपल्या शेतात शिरलो.

ते मला सांगता येणार नाही, पण सांगतो. नांगर जमिनीत अलगद उतरला. माती काळीभोर, ओलसर, फाळावरून वळून शेजारी निजत होती. मागे बगळे आले. तास सरळ पडत होते, इतके सरळ, की दुसरा तास घालताना उजवं चाक पहिल्या तासात आपसूक बसलं. ईरा बांधावर उभी राहून बघत होती आणि तिच्या तोंडावर तो भाव होता, जो मी लग्नानंतर फारच कमी वेळा बघितलाय. ती चक्क खूश होती. शेवटचा तास संपला तेव्हा ती म्हणाली, "स्वयंपाकघराचं सामान आधी हलवू." मी आयुष्यात इतका जिंकलो नव्हतो.

फोटो काढला. घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आपल्या जमिनीला आज घरचा हात लागला.' पुण्याहून चुलतभाऊ निमिषने लगेच टाळ्या पाठवल्या. मालतीकाकूने रडणारे चेहरे पाठवले आणि लिहिलं, की आजोबा असते तर. मग बाबांचा फोन आला.

"सुश्रुत, फोटो बघितला. तास सुरेख पडलेत."

"थँक्यू, बाबा."

"आंबा डाव्या कडेला आहे, तेही बरोबर. पण मागे हायवेचे ट्रक दिसायला हवेत. हे विजेचे खांब आणि तारा रेल्वेच्या वाटतात."

"रेल्वेच्याच आहेत. मी हायवेकडून फोटो काढलाय."

"हायवेकडून? तिकडे कशाला गेलास?"

"ट्रॅक्टर तिकडेच उतरवला. शेतावर तिकडूनच येतो ना रस्ता?"

"शेतावर स्टेशनवरून जातात," बाबा म्हणाले. "मी नेहमी गाडीनेच जायचो. स्टेशनवरून चालत आलं की समोर हायवे, आणि आंब्याच्या उजव्या हाताला आपलं शेत."

मी रेल्वेकडे तोंड करून उभा होतो. मी सावकाश वळलो आणि हायवेकडे तोंड केलं. आंब्याच्या उजव्या हाताला आता फुटका ड्रम होता.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला कळलं. माझ्या बाबतीत तर ती सरकून बांधाच्या पलीकडे गेली होती.

"सुश्रुत? मग तू नांगरलंस ते कोणाचं?" बाबा विचारत होते.

त्याचं उत्तर स्टेशनच्या वाटेने चालत येत होतं. पुढे एक ठेंगणी बाई, नवी साडी, केसांत अबोलीचा गजरा. मागे एक उंच म्हातारा, हातात साखरपुड्याच्या पेढ्यांचा बॉक्स. ही धोंडुबाई आणि हा तिचा नवरा जनू, हे मला पुढच्या काही क्षणांत कळलं. रोह्याला नातेवाइकांचा कार्यक्रम उरकून दोघं गाडीने परत आली होती.

धोंडुबाई बांधावर आल्या आणि थांबल्या. त्यांनी शेताकडे बघितलं. मग ट्रॅक्टरकडे. मग माझ्याकडे.

"माजे वाल कुठं हायत?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी हळू होता.

"मावशी, इथे वाल नव्हते हो. नुसती भाताची धसकटं होती."

"वाल काय झेंडा लावून पेरतात? परवा दिसभर बसून टोकलेत धसकटांच्या मधी. माज्या कंबरेला विचार."

आमच्याकडे भात कापलं की ओल आहे तोवर तसंच, न नांगरता, बोटाने भोक पाडून वाल टोकतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. मी तर मुलांना ते शिकवलंसुद्धा होतं, जमिनीची धूप या धड्यात. जनू खाली वाकला, उलथलेल्या मातीतून एक दाणा उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. दाणा फुगला होता. त्याला बारीक पांढरा कोंब आला होता. मी तो बघत राहिलो.

"कोन रे तू?" धोंडुबाईंनी विचारलं.

"विष्णु मास्तरांचा मुलगा."

"मास्तरांचा पोर हायस व्हय. मास्तरांनी जल्मात नांगर धरला नाय, पन कोनाचं काय बिगडवलं पन नाय."

"आणि ते?" ईराने क्षीण आवाजात बांधापलीकडे बोट दाखवलं. तिला उत्तर माहीत होतं. लॅबवाले तरीही तपासून घेतात.

"ते मास्तरांचं," जनू म्हणाला. "किती सालां पडीक हाय." मग तो बांधावर चढला, पलीकडची ती रणभूमी नीट बघितली आणि काळजीने म्हणाला, "पन ह्याच्यात डुकरां शिरली काय?"

"एकच," ईरा म्हणाली.

एवढ्यात कमळाकर आला. त्याने कोणाकडे न बघता थेट नांगराकडे जाऊन खाली बसून बघितलं, टॉप लिंक हलवून बघितली, साखळ्या ओढून बघितल्या आणि थक्क होऊन म्हणाला, "सर, कोणी सेट केला हा? मीपण एवढा बरोबर नसतो लावत."

त्याने शेताकडे बघितलं, मग धोंडुबाईंकडे बघितलं, आणि तो नांगर सोडवायला लागला.

धोंडुबाईंनी गजरा काढून आंब्याच्या फांदीला अडकवला, साडीचा काष्टा मारला आणि म्हणाल्या, "रडून काय वाल यायचे नाय. ओल हाय तवर टोकाया पायजे. बियाणं घरी हाय अजून. जनू, आन जा. तू पन बस खाली, मास्तरांच्या पोरा. आनि गो, तू सावलीत बस, तुजा काय गुना नाय."

ईरा सावलीत बसली नाही. तिने चपला काढल्या आणि धोंडुबाईंच्या शेजारी बसली. मी पलीकडे. बोटाने भोक पाडायचं, दाणा टाकायचा, माती ओढायची, सरकायचं. माझ्या सरळ तासांवर आम्ही उकिडवे सरकत होतो. मला कल्पनाही नव्हती, की शेत इतकं मोठं असतं. ट्रॅक्टरवरून ते फारच लहान दिसत होतं.

"तुज्यापेक्षा तुजी बायको भरभर टोकते," धोंडुबाई मधेच म्हणाल्या.

"ती सगळंच भरभर करते," मी म्हणालो.

"मग तुला का पसंत केलान?"

"घाईत असेन, मावशी," ईरा म्हणाली. आणि दोघी हसायला लागल्या. त्यानंतर त्या दोघींचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, मी फार मागे राहिलो होतो.

ऊन उतरलं तेव्हा शेत टोकून झालं होतं. मी बांधावर आडवा पडलो होतो. पाठ माझी राहिली नव्हती. ईरा शेजारी येऊन बसली, आणि अटीप्रमाणे आता काय ऐकायचं ते मला ठाऊक होतं. विषय बंद. जेवताना तर नक्कीच.

"मी मान्य करतो," मीच आधी म्हणालो. "मला एक शेत नांगरायचं होतं. मी एक नासवलं आणि दुसऱ्याची नासाडी केली. आपण पेणलाच राहू."

ईरा नखातली माती काढत होती. "मावशींच्या घरामागे दोन खोल्या रिकाम्या आहेत," ती म्हणाली. "मी आपल्यासाठी राखून ठेवायला सांगितल्यात."

मी उठून बसलो. (म्हणजे तसा प्रयत्न केला.) "माझ्यावर विश्वास बसला तुझा?"

"तुझ्यावर नाही. पण तू आज अर्धा दिवस मातीत बसलास आणि पर्यावरणावर एक शब्द बोलला नाहीस. इथली हवा तुला मानवते."

आम्ही आलो. पेणचा फ्लॅट सोडला, दोन खोल्यांत मावलो. मी गाडीने कॉलेजला जातो, ईरा उलट्या दिशेच्या गाडीने रोह्याला. आमच्या शेतातले खड्डे ईराने आणि जनूने मिळून बुजवले आणि त्यात वाल टोकले. मला तेव्हा मुद्दाम धरमतरला काहीतरी आणायला पाठवलं होतं. दुसरीकडे गावात माझी ख्याती मात्र पसरली. त्या दिवसाचे तास कोणकोण येऊन बघून गेलं होतं, आणि आता भाजीच्या मळ्यांसाठी माणसं मला बोलावतात. कमळाकर ट्रॅक्टर आणतो आणि नांगर सेट करायला मला हाक मारतो. मी फार मनापासून नांगरतो. मला वाटायला लागलं होतं, की मी आता शेतकरी झालो.

थंडीत शेंगा भरल्या तेव्हा धोंडुबाईंनी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, वर जाळ, आणि सगळे गोल करून बसलेले. धोंडुबाईंचा मुलगा मितेश त्याच्या कंपनीच्या शिफ्टमधल्या एका मित्राला घेऊन आला होता. त्याने माझी ओळख करून दिली.

"हे सुश्रुत सर. आमचं शेत आता हेच नांगरणार. हातभर वाकडा तास दिसायचा नाय. समद्या गावाची करतात."

मी ताठ बसलो. मित्राने आदराने बघितलं. "आणि स्वतःचं?"

मी तोंड उघडलं, पण धोंडुबाई मडक्यावरचा पाला बाजूला करता करता आधीच म्हणाल्या, "ते त्याची बायको नाय देत त्याच्या हातात. त्या शेतावर पोट हाय त्यांचं."